भाऊ, छेदातून बाहेर या

भाऊ,

परवा तुमच्या पुस्तकाची पहिली तक्रार आली. दुपारी फोनवर आली, मी क्लासमध्ये कुणाचा तरी विजेच्या मीटरबद्दलचा अर्ज टाइप करत बसले होते तेव्हा. तक्रार ऐकली, फोन ठेवला आणि मनात पहिली गोष्ट हीच आली की हे आधी भाऊंना सांगायला पाहिजे. चपला घातल्या, निघालेसुद्धा. तुमच्या फाटकाच्या कडीला हात लावला आणि मग आठवलं. पुष्पावहिनी अंगणात उडदाच्या शेंगा वाळत घालत होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं पाहिलं आणि तशीच परत आले.

म्हणून आता लिहून सांगते. पोळा झाला आणि तुम्ही गेलात. अजून धान कापणीलाही आला नाही, आणि इतक्या लवकर तुम्हाला सांगायच्या गोष्टींचा ढीग झाला आहे.

तक्रार काय होती ते मात्र लगेच सांगणार नाही. गणित सोडवायचा तुमचाच नियम आहे. आधी 'दिलेलं' लिहायचं, मग 'काढायचं' लिहायचं, आणि मगच हात चालवायचा. हा नियम मोडणाऱ्या पोरांना तुम्ही वर्गाबाहेर उभं करत होतात म्हणे. मी तुमची विद्यार्थिनी नाही, शेजारीण आहे, तरी तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकला आहे की आता सवयच लागली.

तर दिलेलं. तुमची नोकरी, बदल्या, सत्कार हे सगळं शोकसभेत सांगून झालं, आणि त्यातलं बरंच चुकीचं सांगून झालं. एकानं तर तुम्हाला संस्कृतचे शिक्षक करून टाकलं. मी मागं बसले होते. तुम्ही असता तर उभे राहून दुरुस्ती केली असती, म्हणून मला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. मी त्यातलं काही पुन्हा लिहीत नाही. मला आठवतो तो दिवस, जेव्हा तुम्ही माझ्या टायपिंगच्या क्लासमध्ये आलात आणि पोरींच्या स्टुलावर जाऊन बसलात.

"मंदा, मले टायपिंग शिकव," तुम्ही म्हणालात.

मला वाटलं थट्टा करताय. आष्टीत तुमच्या अक्षराचं नाव होतं. खडू घेऊन एका झटक्यात फळ्यावर वर्तुळ काढायचे आणि मुलं कंपास लावून बघायची, असं लोक अजून सांगतात. पण तुम्ही खिशातून एक कागद काढून माझ्यापुढं ठेवलात. शाईत बुडालेली मुंगी चालत गेल्यासारख्या रेघा होत्या त्यावर.

"काय लिहिलं हाय सांग पाहू."

"नाही लागत, भाऊ."

"मलेबी नाई लागत," तुम्ही म्हणालात. "कालच लिहिलं होतं."

कंपवात झालाय हे घरातल्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. पण कंपवात म्हणजे चहाची बशी हलते, शर्टाची बटनं वहिनी लावून देतात, एवढंच माझ्या डोक्यात होतं. लिहिणं गेलं म्हणजे तुमचं काय काय गेलं, ते त्या कागदामुळं कळलं. कारण तुमच्या डोक्यात एक अख्खं पुस्तक तयार होतं. आतल्या गावांतल्या, नववी-दहावीच्या मुलांसाठी, त्यांच्या आजूबाजूच्या गोष्टींची गणितं. बोडीचं, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याचं पाणी, बांधांचे आकार, मोहफुलं वाळून किती उरतात, बल्लारपूरची गाडी आणि तिच्याबरोबर रस्त्यानं चाललेली मोटरसायकल.

"पुस्तकातली लिफ्ट कोनं पाह्यली हाय आपल्या पोट्ट्यांत?" तुम्ही म्हणायचे. "लिफ्ट वर जाऊन राह्यली, खाली येऊन राह्यली. ते बिचारे आधी लिफ्टच समजून घेत बसतात. गणित ऱ्हाते बाजूलेच."

दुसऱ्या कुणाला सांगून लिहून घ्यायला तुम्ही तयार नव्हता. तुमच्या भाच्यानं तसं सुचवलं तर त्याच्यावरच उखडलात. गणित बोलून सांगता येत नाही, ते हाताखाली दिसावं लागतं, असं तुमचं म्हणणं. ते मला तेव्हा हट्ट वाटलं. आता वाटत नाही.

पहिले काही दिवस आपण नेहमीच्याच सॉफ्टवेअरवर घालवले. साधा मजकूर तुम्ही दोन बोटांनी का होईना, पण टाइप करायला लागलात. गाडी अडली ती अपूर्णांकावर. त्यात प्रत्येक चिन्हासाठी माउस घेऊन वरच्या पट्टीतलं चित्र निवडावं लागे. तुम्ही माउसला हात लावला की पडद्यावरचा बाण सैरावैरा पळे. वर्गमुळावर नेऊन ठेवला की क्लिक होईपर्यंत तो भलतीकडंच. त्यात सूरजागडच्या खाणीचे ट्रक समोरून गेले की टेबल हलायचं. तुम्ही हात वर उचलून विचारायचे, "आता हे ट्रकानं हलून राह्यलं का माझ्यानं?" मी म्हणायचे, ट्रकानं. दरवेळी ट्रकानंच म्हणायचे.

एका दुपारी मात्र तुम्ही माउस उचललात, त्याची तार गुंडाळलीत आणि माझ्या टेबलाच्या खणात टाकून खण लावून घेतलात. आणि उठून गेलात. मला फार वाईट वाटलं. मी तुमच्या मागं यायला हवं होतं की नको, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग भाच्यानं नागपूरहून ते दुसरं सॉफ्टवेअर पाठवलं. शास्त्राची, गणिताची माणसं वापरतात असं, फुकटातलं. त्यात सगळं बटनांवर चालायचं. कंट्रोल धरून एम दाबलं की गणिताची चौकट उघडे. ऑल्ट धरून एम आणि मग एफ दाबलं की अपूर्णांकाची रेघ, तिच्या वर एक रिकामी चौकट आणि खाली एक. वरची भरायची, खालच्या बाणानं खाली उतरायचं, खालची भरायची. माउसचं काम नाही. तुम्ही पहिला दोन तृतीयांश लिहिलात आणि थांबून त्याच्याकडं बघत राहिलात.

"मंदा, हे बटन कसं हाय पाय," तुम्ही म्हणालात. "हात हलो का न हलो. दाबलं तं दाबलं. त्याले माझा हात दिसतच नाई."

त्याच दिवशी तुम्ही मला 'मंदा' म्हणणं सोडलंत. मी लग्न होऊन आष्टीत आले तेव्हापासून तुम्ही मला एकेरी हाक मारत होता, आणि त्या दिवसापासून अचानक 'बाई' आणि 'तुम्ही'. मी लाजून म्हटलं, भाऊ, हे काय? तर म्हणालात, "शिकवणारीले तू म्हनाचं नसते. मी शाळेत कोनाले खपवून नाई घेतलं, सोताले कसं घेऊ?" वहिनींनाही तसंच बोलायला लावलंत. त्यांनी दोन दिवस 'मंदाबाई' म्हटलं आणि मग कंटाळून सोडून दिलं.

आणि विद्यार्थी म्हणून तुम्ही किती त्रासदायक होतात, भाऊ. हे शोकसभेत कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. एक सूचना दिली की 'काऊन?' हा प्रश्न ठरलेला. हे बटन काऊन? एफच काऊन? मला ठाऊक नसलं तरी तुम्हाला उत्तर लागायचंच. आणि एक चूक तर तुम्ही सोडायलाच तयार नव्हता.

अपूर्णांक लिहिला किंवा घातांक लिहिला की त्यातून बाहेर यावं लागतं. स्पेसचं बटन एकदा दाबायचं, की कर्सर बाहेर येतो. नाही दाबलं तर पुढं लिहाल ते सगळं आतच जातं. तुम्ही एक्सचा वर्ग लिहायचे आणि तसेच पुढं जायचे, अधिक पाच एक्स, अधिक सहा. वर बघावं तर अख्खं समीकरण एक्सच्या डोक्यावर चढून बसलेलं. अपूर्णांक लिहिला की उरलेली ओळ छेदात.

"भाऊ, बाहेर या," मी म्हणायचे.

"आता कुठी हाव मी?"

"छेदात आहात. स्पेस दाबा, बाहेर या."

तुम्ही दाबायचे, आणि पुढच्या ओळीला पुन्हा तेच. मला राग यायचा. गणिताचा एवढा मोठा मास्तर आणि एक बटन लक्षात राहत नाही? मग तुम्हीच एकदा कारण सांगितलंत. फळ्यावर घातांक लिहिला की हात आपोआप खाली उतरतो. त्याला सांगावं लागत नाही. सगळा जन्म हात न सांगता उतरत होता, आता प्रत्येक वेळी सांगून उतरवायचं. हे ऐकल्यावर माझा राग गेला. पण "बाहेर या" म्हणणं काही थांबलं नाही.

पुढं तुमचा लॅपटॉप घेऊन आपण तुमच्या पडवीत बसायला लागलो. तिथं ट्रक नव्हते आणि वहिनींचा चहा होता. मी "भाऊ, बाहेर या" म्हटलं की आतून, चुलीपाशी बसूनच, वहिनी ओरडायच्या, "या जी बाहेर!" छेद म्हणजे काय, घातांक म्हणजे काय, त्यांना घेणंदेणं नव्हतं. नवरा कशाच्या तरी आत अडकलाय आणि त्याला बाहेर काढायचंय, एवढं त्यांना पुरे होतं. शेजारची माणसं विचारायची, सर नेमके आहेत तरी कुठं?

तुमच्या चुका सांगते आहे तर माझीही फजिती सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मधेच हात वर कराल. मी टाइपरायटरवर शिकलेली. ठोक्यांवर शिकलेली. पूर्णविरामानंतर दोन स्पेस, नव्या परिच्छेदाला पाच, आणि मथळा मधोमध आणायचा तर अक्षरं मोजून, निम्मी करून तेवढं मागं यायचं. परीक्षेत या मथळ्यांचे मला पैकीच्या पैकी मिळाले होते. आणि हे सॉफ्टवेअर दोन स्पेस घेईनाच. एकदा दाबली की घेई, दुसऱ्यांदा दाबली की ढिम्म. मला वाटलं कीबोर्ड बिघडला. मी बटन काढून त्याखालची धूळ पुसली. पुन्हा बसवलं, पुन्हा ढिम्म.

तुम्ही बाजूला बसून पोट धरून हसत होता. "बाई, तुमी त्याले कसं दिसाचं ते सांगून राह्यल्या. त्याले फकत काय हाय ते सांगा. मथळा हाय म्हना, ते पाहून घेते कुठी ठेवाचा तं."

मला ते फार लागलं, भाऊ. आयुष्यभर मी कागदावरची जागा मोजत आले आणि हे यंत्र म्हणतं, तू मोजू नकोस. दोन दिवस मी आले नाही. तुम्ही बोलवायला आला नाहीत, वहिनींच्या हाती वाटीभर कोथिंबिरीच्या तिखट सांभार-वड्या पाठवून दिल्यात. तुमची माफी मागायची हीच रीत होती. मी वड्या खाल्ल्या आणि आले.

मग एक दिवस तुम्हाला सुचलं की मोहफुलांच्या गणिताआधी आणखी एक गणित हवं. तुम्ही ते मधे घुसवलंत आणि त्याखालच्या सगळ्या गणितांचे क्रमांक आपोआप एकेकानं पुढं सरकले. तुम्ही ते काढलंत, सगळे मागं आले. पुन्हा घातलंत, पुन्हा पुढं. वहिनींना बोलावून दाखवलंत. त्यांनी पाहिलं, म्हणाल्या, "सरकले. मंग?" पण तुम्ही ते सगळ्यांना दाखवलंत, दूधवाल्यालासुद्धा. प्रश्नपत्रिकेत मधे एक प्रश्न घातला की अख्खी पुन्हा लिहून काढावी लागायची, त्याचं सगळं उट्टं त्या दिवशी निघालं असावं.

पहिलं पूर्ण पान बोडीच्या गणिताचं होतं. बोडीत सहा फूट पाणी आहे. मासे धरायला पाळ फोडली. तीन तासांत दोन फूट पाणी उतरतं. तर टी तासांनी बोडीत किती पाणी उरेल? मी ते छापून तुमच्या हातात दिलं. कागद तुमच्या हातात इतका हलायला लागला की तुम्हाला वाचताच येईना. मग तुम्ही तो टेबलावर ठेवलात, दोन्ही तळव्यांनी दाबून धरलात, आणि वाचलात. शेवटपर्यंत वाचून झाल्यावरही तळवे काढले नाहीत.

"अक्षर माझं नाई," तुम्ही म्हणालात. "पन लिहिलं म्याच हाय."

मी शेजारी उभी होते आणि मला वाटत होतं की मी आजवर जेवढ्यांना टायपिंग शिकवलं, नोकऱ्या लागण्यापुरतं शिकवलं, ते सगळं या एका वाक्यासाठी सराव होता. हे मी तुम्हाला तेव्हा बोलून दाखवलं नाही. मी म्हटलं, दुसऱ्या ओळीत एक स्वल्पविराम राहिलाय.

आता आपलं भांडण. ते काही मिटलं नाही, म्हणून त्याबद्दल लिहायलाच हवं.

गणितं लिहून होत आली तेव्हा मी विचारलं, मागं उत्तरं कधी टाइप करायची? तुम्ही म्हणालात, उत्तरं नाहीत. मला वाटलं अजून काढायची आहेत. तर म्हणालात, छापायचीच नाहीत.

"मागं उत्तर असलं का पोट्टे उत्तराच्या मांगं पडतात. आधी उत्तर पाह्यतात, मंग गणित वाकवून वाकवून त्याले जुळवतात. म्या आयुष्यभर पाह्यलं हाय हे. अन् सोताचं बरोबर असूनबी, मागचं जुळलं नाई तं खोडून टाकतात. कारन मागं छापलेलं."

"आणि मागं काहीच नसलं तर?" मी म्हटलं. "हेमलकशाच्या पलीकडं एखादी पोरगी एकटी बसून गणित सोडवतेय. तिथं तुम्ही नाही, शिकवणी नाही, गणिताच्या मास्तरांची जागा रिकामी. तिचं बरोबर आलं की चूक, हे तिला सांगणार कोण? झाडं?"

"तिचं तिले कळलं पायजे."

"कसं कळेल? तुम्हाला तरी कळायचं का, तुम्ही छेदात आहात ते? मी सांगायचे तेव्हा कळायचं."

हे मी जरा जास्तच बोलले. तुमचा चेहरा उतरला. पण मी मागं घेतलं नाही आणि आजही घेणार नाही, कारण ते खरं होतं. तुम्ही लॅपटॉप माझ्याकडं सरकवलात आणि म्हणालात, "बाई, मी हाव तोवर उत्तरं छापाची नाई."

पुढं पावसाळाभर आपण त्यावरून भांडलो. कधी तुम्ही बाहेरून घरात शिरता शिरताच सुरुवात करायचे, कधी मी. वहिनी म्हणायच्या, देऊन टाका न जी अर्धी उत्तरं. तर आपण दोघंही त्यांच्यावर ओरडायचो, एवढ्या एका बाबतीत आपलं एकमत होतं. शेवटची चार गणितं तुम्ही फार हळू लिहिलीत. तुमची बोटं लवकर थकायला लागली होती. पण त्या चारही गणितांत तुम्ही एकदाही छेदात अडकला नाहीत. प्रत्येक अपूर्णांकानंतर अंगठा बरोबर स्पेसवर पडत होता, न सांगता. मला ते दिसत होतं आणि मी बोलले नाही, नजर लागेल म्हणून.

मग चंद्रपूरचा दवाखाना. तुमच्या छातीत कफ झाला होता आणि आत एकेकालाच सोडत होते. माझी पाळी आली तेव्हा तुम्ही डोळे मिटून होता. इतकी यंत्रं, इतक्या नळ्या. माझ्या तोंडातून सवयीनं ते दोन शब्द निघाले. हळूच म्हणाले. तुम्ही ऐकलंत की नाही, कोण जाणे. तुम्ही आला नाहीत. त्याचा मला राग आहे, भाऊ, आणि तो मी लपवून ठेवणार नाही.

तेरावं झाल्यावर वहिनींनी लॅपटॉप माझ्याकडं आणून दिला. फडक्यात बांधून आणला होता. "मंदा, पुस्तक अर्धवट नोको ठेवू," एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, उत्तरांचं काय करू? त्या म्हणाल्या, "मले काय इचारतं? भांडन तुमचं होतं."

तुम्ही म्हणाला होता, मी आहे तोवर छापायची नाहीत. आता तुम्ही नाही. हे वाक्य मनात आलं आणि मला माझीच लाज वाटली, म्हणून सगळी गणितं मी आधी स्वतः बसून सोडवली. कॉमर्सची पोरगी, बीजगणित विसरून जमाना झाला. पण तुम्ही प्रश्नच असे घातले आहेत की माणूस आपोआप पुढं जात राहतं. माझी उत्तरं तुमच्या शाळेतल्या नव्या सरांकडून तपासून घेतली. आणि मग ठरवलं. मागं उत्तरं टाकायची. तुमचा मान राखून मुद्दाम तुमच्या मनाविरुद्ध. मेलेल्या माणसाशी भांडण संपत नाही, आणि मला ते संपवायचंही नव्हतं.

झेरॉक्स काढल्या, स्पायरल लावून घेतलं. आतल्या शाळांत जाणाऱ्या ओळखीच्या मास्तरांच्या पिशव्यांत थोड्या थोड्या प्रती घातल्या. वर तुमचं नाव, खाली बारीक अक्षरात माझा फोन नंबर.

आता काढायचं. परवाची तक्रार.

"ते बोडीच्या गनिताच्या पुस्तकवाल्या मॅडम बोलून राह्यल्या का?" पोरीचा आवाज होता. वैष्णवी नाव सांगितलं, घोटच्या पलीकडच्या गावची, दहावीत आहे म्हणाली.

"बोलतेय."

"मॅडम, तुमच्या बोडीच्या गनिताचं मागचं उत्तर चुकलं हाय."

माझं टाळकंच सरकलं. सर तपासून गेलेत आणि ही कोण? "कशावरून?" मी विचारलं.

"मी केलं तं जुळलं नाई. आधी वाटलं माझंच चुकलं. खोडलंबी. मंग म्हटलं, आधी यांचंच उत्तर तपासून पाहू. तं तुमच्या उत्तरात टी वाढवला का पानी वर चढते, मॅडम. आमी ढिवर लोक, दर उन्हाळ्यात आमच्या घरचे बोडी सोडतात. पानी उतरते, मंग मासोळ्या धरतो. बोडी फोडल्यावर पानी चढते का कुठी?"

"थांब," मी म्हटलं. "तुझं काय आलं?"

"सहा वजा दोन तृतीयांश टी."

मी पुस्तक उघडलं. मागच्या पानावर सहा वजा, मग अपूर्णांकाची रेघ, वर दोन, खाली तीन आणि तिनाला चिकटून टी. वैष्णवी बरोबर होती, आणि नवे सरही बरोबर होते. माझ्या वहीत टी रेघेच्या बाहेर होता. टाइप करताना मी तीन लिहिला आणि तशीच पुढं गेले. स्पेस दाबलीच नाही.

भाऊ, मी छेदात होते.

मी फोनवर हसायला लागले आणि मग मला रडूही आवरेना. ती बिचारी घाबरली. "मॅडम, रागावल्या का?" मी म्हटलं, नाही ग, तू अगदी बरोबर आहेस, आणि आता ज्यांच्याकडं ज्यांच्याकडं हे पुस्तक आहे त्या सगळ्यांना सांग की मागचं उत्तर चुकलंय आणि ते तू पकडलंय. ती म्हणाली, "अजून पाहू का दुसरे?" मी म्हटलं, सगळी बघ.

तर सांगा आता, कोण जिंकलं? मी म्हणते, मी. मागं उत्तर छापलंच नसतं तर ती भांडली कुणाशी असती? तुमच्या म्हणण्याप्रमाणं तिनं मान खाली घालून आपलं गणित वाकवायला पाहिजे होतं. तिनं खोडलं, हे खरं. तेवढं तुमचं. पण मग तिनं छापलेल्या उत्तरालाच उभं केलं आणि बोडी कशी सुटते ते विचारलं. ते तिला बोडीनं शिकवलं, आणि बोडी पुस्तकात तुम्ही घातलीत. त्यामुळं तुम्हीही थोडे जिंकलात, एवढं मी कबूल करते. याहून जास्त मागू नका.

काल लॅपटॉप घेऊन तुमच्या पडवीत गेले. ही दुरुस्ती मला क्लासमध्ये बसून करायची नव्हती. तुमच्या खुर्चीवर बसले नाही, माझ्याच जागी बसले. वहिनी आत भाजी चिरत होत्या. तुम्ही गेल्यापासून त्या पडवीकडं पाठ करूनच बसतात.

"काय झालं ओ?" त्यांनी आतूनच विचारलं.

"काही नाही, वहिनी. बोडीच्या गणितात चूक राहिली. टी छेदात अडकलाय."

विळीचा आवाज थांबला. मग तुमच्या हयातीत ओरडायच्या त्याच आवाजात, आतूनच, त्या ओरडल्या, "मंग म्हन न त्याले! या जी बाहेर!"

मी छेदातला टी खोडला. स्पेस दाबली, आणि टी पुन्हा लिहिला. आता बोडीचं पाणी उतरतंय, भाऊ.